न तुटलेली रेघ

चौथ्या स्क्रूवर रेघ ओढताना तिने श्वास रोखून धरला. ब्रश बारीक होता, झिजून तीन-चार केसांवर आलेला. लाल रेघ स्क्रूच्या डोक्यावरून निघाली आणि मशीनच्या पांढऱ्या अंगावर पेरभर उतरली. तिने फुंकर घातली, ब्रश फडक्याला पुसला आणि जमिनीवर हात टेकून उठली.

पलंगावरून नवरा बघत होता. उशांचा ढीग पाठीशी, नाकात ऑक्सिजनच्या सिलिंडरची नळी.

“मला पण मार एक रेघ,” तो म्हणाला. थांबला, श्वास घेतला. “मला कोणी उघडलं, तर कळेल तुला.”

“तुम्हाला कोण उघडतंय? आत आहे काय?”

“वाळू.”

तो हसायला गेला आणि खोकला. तिने पाण्याचा पेला पुढे धरला. अठ्ठावीस वर्षं त्याने ओतशाळेत वाळूचे साचे घातले होते. डॉक्टरांनी छातीचा फोटो उजेडाकडे धरून दाखवला तेव्हा तोच आधी बोलला होता, “ही आमच्या खात्यातली वाळू. मालकाला परत करायला हवी.”

तिची नोकरी पंपांच्या कारखान्यात झाली, शेवटच्या टेबलावर. पंप तपासायचा, स्क्रू आवळलेले बघायचे आणि प्रत्येक स्क्रूवर लाल रेघ ओढायची. स्क्रू केसभर जरी फिरला तरी रेघ तुटते, आणि तुटलेली टोकं पुन्हा कधी नीट जुळत नाहीत. गिऱ्हाइकाकडून तक्रारीचा पंप परत आला की साहेब आधी तिला बोलवायचे. ती वाकून रेघ बघायची आणि सांगायची, “बाहेर उघडलाय.” किंवा, “उघडलेला नाही.” त्यावर कोणी काही बोलायचं नाही. बायका तिला रेघबाई म्हणायच्या. निवृत्त होताना तिने रंगाची एक बाटली घरी आणली होती. कशासाठी, ते तिलाही सांगता आलं नसतं.

“कशाला त्या दुरुस्तीवाल्याच्या मागे लागतेस?” नवरा म्हणाला. “चांगला आहे तो.”

“चांगला आहे म्हणून मशीन दोनदा नेऊन दोनदा तसंच आणून दिलं.”

“मला फरक वाटला होता.”

“तुम्हाला वाटला. मीटरला वाटला नाही.”

तो भिंतीकडे बघू लागला.

मशीन हवेतून ऑक्सिजन काढून द्यायचं. गेल्या हिवाळ्यात तो दवाखान्यातून घरी आला, तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं होतं, दोन लिटरवर ठेवा, बोटाला मीटर लावून नव्वदच्या खाली येत नाही एवढं बघा. चार-पाच महिने सगळं सुरळीत चाललं. मग आकडा खाली यायला लागला. तिने दोनाचे तीन केले, तिनाचे चार. आता पाच झाले होते. मशीनच्या पुढच्या काचेच्या नळीतली छोटी गोळी अगदी वरच्या टोकाला जाऊन थरथरत होती, त्यापुढे जागाच नव्हती. आणि बोटावर आकडा यायचा चौऱ्याऐंशी.

मशीनमध्ये दोष आहे, हे तिने पहिल्याच आठवड्यात ओळखलं. दुरुस्तीवाल्यानेही तेच सांगितलं. व्हॉल्व्ह अडकतोय, साफ करतो, म्हणाला. घेऊन गेला, दोन दिवसांनी आणून दिलं. पंधरा दिवसांनी पुन्हा तेच. तेव्हा खालच्या मजल्यावरच्या वहिनींनी तिला जिन्यात गाठलं होतं.

“माझ्या मिक्सरचं विसरलात? नवी मोटर काढली आणि कुठली तरी भंगारातली बसवली मेल्याने. चटणी वाटायला घेतली की असा ओरडायचा, शेजारचे धावत यायचे.” वहिनींनी आवाज खाली आणला. “जुना पार्ट मागून घ्यायचा, ताई. बदलला म्हणतोस ना, मग आण इकडे. तोंडच बंद होतं.”

“तो हाच दुरुस्तीवाला होता?”

“हा नव्हता. पण जात एकच हो त्यांची.”

मुलगी फोनवर याच्याही पुढे गेली होती. ती दुसऱ्या शहरात नोकरीला होती. “आई, बाबांच्या श्वासाशी खेळतोय तो. तू फक्त पुरावा काढ. रविवारी मी येते आणि रीतसर तक्रार ठोकते. दुकानाला कुलूप लावायला लावते.”

पुरावा काढणं तिच्या हातातलं काम होतं.

दहा वाजता दुरुस्तीवाला आला. चाळिशीचा, खांदे पडलेला, बोटांना काळं वंगण. दवाखान्यातली आणि आजाऱ्यांची यंत्रं दुरुस्त करायचा तो. त्याने खोलीत पाय टाकला आणि आधी नवऱ्याकडे बघितलं, मग मशीनकडे.

“काय काका, बरं ना?”

“तुझ्या कृपेने,” नवरा म्हणाला.

“व्हॉल्व्ह बदलूनच आणा या वेळी,” ती म्हणाली. “आणि जुना मला परत हवा.”

दुरुस्तीवाल्याने पुन्हा नवऱ्याकडे बघितलं. “देतो की काकू,” म्हणाला, आणि मशीन चाकांवर ढकलत बाहेर नेलं. त्याने मागची बाजू बघितली नाही. रेघा तशाही चटकन दिसण्यासारख्या नव्हत्या. कारखान्यात ती अशाच ओढायची, शोधणाऱ्यालाच सापडतील अशा.

दोन दिवस नवरा सिलिंडरवर राहिला. सिलिंडर दुरुस्तीवाल्याच्याच दुकानातून आला होता. आकडा तोच, चौऱ्याऐंशी, एकदा त्र्याऐंशी. ती मनात म्हणाली, सिलिंडरही त्याचाच. त्यातही पाणी घातलं असणार.

तिसऱ्या दिवशी दुपारी मशीन आलं. सोबत कागद, त्यावर लिहिलेलं, ‘व्हॉल्व्ह बदलला’. आणि एका प्लॅस्टिकच्या पिशवीत जुना व्हॉल्व्ह, धूळ बसलेला, एका बाजूला हिरवा पडलेला. दुरुस्तीवाला चहालाही थांबला नाही.

तो जिना उतरेपर्यंत ती दारात उभी राहिली. मग आत येऊन मशीनच्या मागे बसली, चष्मा वर ढकलला. पहिली रेघ अखंड. दुसरी, तिसरी अखंड. चौथ्या स्क्रूवर तिने नखाने हलकेच चाचपून बघितलं. रंग दगडासारखा वाळला होता. चारही रेघा तिने ओढल्या तशाच होत्या.

मशीन उघडलंच नव्हतं.

ती बसल्या जागी पिशवीतला व्हॉल्व्ह हातात फिरवत राहिली. तिच्या अंगात एक जुनी ताकद आल्यासारखं झालं. टेबलासमोर साहेब वाट बघत उभे असायचे तेव्हा यायची तशी.

“काय झालं?” पलंगावरून आवाज आला.

“काही नाही. उद्या सकाळी दुकानात जाऊन येते.”

“आलं की मशीन. लाव की.”

“उद्या लावू.”

“अगं, नको जाऊस,” नवरा म्हणाला. पुढचं बोलायला त्याला दम पुरला नाही.

सकाळी वहिनींना त्याच्याजवळ बसवून ती निघाली. दुकान दोन गल्ल्या पलीकडे होतं. मशीनला खाली चार लहान चाकं होती. ती सपाट फरशीसाठी केलेली, रस्त्यावर खडखडाट करत होती. प्रत्येक फटीत अडकायची. ती मशीन उचलून घ्यायची, पुन्हा ढकलायची. दोन-तीन माणसं थांबली, मदत हवी का म्हणाली. तिने मान हलवली. रागावलेलं माणूस थकत नाही असं तिला त्या दिवशी वाटलं.

दुकान म्हणजे एक लांबट खोली. भिंतीला टेकलेल्या चाकांच्या खुर्च्या, फळीवर वाफ घ्यायची यंत्रं, टेबलावर उघडून ठेवलेला वजनकाटा. दुरुस्तीवाला एकटाच होता. तिला मशीनसकट दारात बघून तो उठला.

“काकू, तुम्ही कशाला आणलंत? फोन करायचा.”

तिने मशीनची पाठ त्याच्याकडे फिरवली आणि एका स्क्रूवर बोट ठेवलं.

“हे काय आहे?”

त्याने वाकून बघितलं. “रंग लागलाय वाटतं.”

“लागलेला नाही. मी लावलाय. तुम्ही न्यायच्या आधी. स्क्रू फिरला की रेघ तुटते. एकही तुटलेली नाही.” तिने पिशवी टेबलावर ठेवली. “हा व्हॉल्व्ह मग आला कुठून? उडून आला?”

दुरुस्तीवाला पिशवीकडे बघत राहिला. मग खुर्ची पुढे सरकवली.

“बसा, काकू.”

“बसायला नाही आले. एकतीस वर्षं हेच काम केलंय मी. माझी मुलगी रविवारी येतेय. तक्रार करणार आहे. तुम्ही माणसाच्या श्वासावर पैसे खाता?”

“बसा तरी.”

“नाही बसत.”

त्याने मशीनची वायर भिंतीत लावली. मशीन एकदा गुरगुरलं आणि नेहमीचे ठोके सुरू झाले. पाच मिनिटं दोघं तसेच उभे राहिले. मग त्याने खणातून हातात मावेल एवढं यंत्र काढलं, मशीनची नळी त्याला जोडली आणि आकडा तिच्याकडे फिरवला. चौऱ्याण्णव.

“शंभरातला ऑक्सिजन,” तो म्हणाला. “नवं मशीनही एवढाच देतं.”

“यंत्र तुमचं. तुम्ही म्हणाल तो आकडा दाखवेल.”

त्याने मान हलवली, जणू हे बरोबरच होतं. मशीन बंद केलं, स्क्रूड्रायव्हर तिच्या हातात दिला.

“उघडा. तुम्हीच बघा.”

तिने चारही रेघा स्वतःच्या हाताने तोडल्या. झाकण काढलं. आत सगळं स्वच्छ होतं. तिने नळ्या एकेक करून वाकवून बघितल्या, कुठे चीर नव्हती. जोडांवर ओलं बोट धरून मशीन चालू करायला लावलं, कुठे हवा निसटत नव्हती. व्हॉल्व्ह खटक, खटक असा एका तालात उघडमीट करत होता. तिने कान लावला. कारखान्यात ती डोळे मिटून सांगायची, हा पंप दोन महिन्यांत बोंबलणार. तिने डोळे मिटले. खटक, खटक. ती पुन्हा पहिल्या नळीपासून सुरू झाली. तिला काहीतरी सापडायला हवं होतं. सैल पट्टी, जळका वास, झिजलेला दात, काहीही. बाहेर कोणी गिऱ्हाईक डोकावलं, त्याला दुरुस्तीवाल्याने हातानेच परत पाठवलं.

अर्ध्या तासाने ती स्क्रूड्रायव्हर हातात धरून उभी राहिली.

“काकू,” तो म्हणाला, “सिलिंडरवर आकडा किती होता?”

“चौऱ्याऐंशी.”

“सिलिंडरमध्ये शुद्ध ऑक्सिजन असतो.”

“सिलिंडर तुमच्याच दुकानातला.”

“भरून कारखान्यातून येतो. तोंडाला पट्टी असते, सीलची. ती कोणी कापली?”

तिने कापली होती. कात्रीने. कापायच्या आधी सवयीप्रमाणे फिरवून बघितली होती, धड आहे का. धड होती.

आता ती खुर्चीवर बसली.

“कधीपासून?” तिने विचारलं.

“पहिल्या दिवसापासून मशीन चांगलंच आहे. मी घरी आलो होतो बघा. तुम्ही खाली वहिनींकडे लांब वायर मागायला गेला होतात. तेवढ्यात मी नळीला यंत्र लावलं. आकडा चांगला आला. काकांना म्हणालो, काका, यात काही नाही, डॉक्टरांना दाखवा. तर त्यांनी माझं मनगट धरलं.” त्याने स्वतःचं मनगट धरून दाखवलं, नकळत. “म्हणाले, मशीन बिघडलंय म्हणून सांग. चांगलं आहे म्हणालास तर ही मला परत तिथे नेईल.”

तिथे म्हणजे कुठे, हे विचारायची तिला गरज नव्हती. गेल्या हिवाळ्यातले दवाखान्यातले अकरा दिवस. तोंडावरचा मास्क ओढून काढतो म्हणून त्याचे दोन्ही हात पलंगाच्या दांड्यांना पट्टीने बांधले होते. ती काचेतून बघायची. घरी आल्यावर कितीतरी दिवस तो झोपेत मनगटं चोळायचा.

“मी म्हटलं, काका, असं किती दिवस चालेल? म्हणाले, चालेल तेवढे.”

“आणि तू ऐकलंस.” ती एकदम तू म्हणाली होती. दोघांनाही ते खटकलं नाही.

“ऐकलं.”

“पैसे घेतलेस.”

“घेतले. फुकट केलं असतं तर तुम्हाला तेव्हाच शंका आली असती.” तो थांबला. “आणि खोटं कशाला बोलू, लागतही होते.”

“हा व्हॉल्व्ह?”

“भंगारातला. तुम्ही मागितलात. मी काय देणार होतो?”

तिला हसू यावं असं त्यात काहीतरी होतं. नवऱ्याला सांगितलं असतं तर तो खोकला येईपर्यंत हसला असता. तिने मशीनचं झाकण उचलून जागेवर बसवलं आणि स्क्रू आवळायला घेतले. दुरुस्तीवाला पुढे झाला, तशी तिने कोपराने त्याला अडवलं. चारही तिनेच आवळले. शेवटचा वाजवीपेक्षा जास्त आवळला गेला.

“तक्रार करायची तर करा, काकू,” तो म्हणाला. “मी नाही म्हणणार नाही.”

ती उठली. मशीन दाराबाहेर काढायला त्याने हात लावला, तेव्हा तिने अडवलं नाही. तो तिच्या घरापर्यंत मशीन ढकलत आला. जिन्याने त्याने ते उचलून वर नेलं, दारात ठेवलं आणि आत न डोकावता उतरून गेला.

वहिनी वाटच बघत होत्या. “काय म्हणाला? फोडलंत ना तोंड?”

“सांगते मागाहून,” ती म्हणाली.

वहिनी गेल्यावर तिने मशीन पलंगाशी आणलं. नवरा तिच्या चेहऱ्याकडे बघत होता. त्याचे ओठ निळसर झाले होते. ते कालही तसेच असणार, परवाही. तिने मान वळवून मशीनची वायर लावली.

“काय निघालं?” त्याने विचारलं.

मशीनचे ठोके सुरू झाले. तिने सिलिंडरची नळी त्याच्या नाकातून काढली, मशीनची घातली, ती दोन्ही कानांमागून नीट घेतली. कानामागे कातडी सोलवटली होती तिथे कापसाचा बोळा सरकवला.

“व्हॉल्व्हच होता,” ती म्हणाली. “बसवताना जरा तिरका बसला होता. माझ्यासमोर उघडून नीट केला.”

तो तिच्याकडे बघत राहिला. एरवी तो काहीतरी बोलला असता. तिने उशी सारखी केली.

“आता?” तो म्हणाला.

“आता ठीक चालेल.”

त्याने डोळे मिटून नाकाने श्वास आत घेतला. खांदे वर गेले, गळ्याच्या खड्ड्यातली कातडी आत ओढली गेली. सोडला. पुन्हा घेतला.

“हं,” तो म्हणाला. “फरक आहे.”

बोटाचं मीटर टेबलावर होतं. रोज मशीन लावलं की ती आधी तेच उचलायची. त्याने हात पांघरुणाखाली घेतला होता. तिने मीटर उचललं आणि टेबलाच्या खणात ठेवून खण लावून घेतला.

तो झोपल्यासारखा झाला तेव्हा ती स्वयंपाकघरात गेली आणि दार ओढून घेतलं. मुलीने पहिल्याच घंटेला फोन उचलला.

“बोल आई. कबूल केलं का त्याने? कागद सगळे जपून ठेव हं. आणि त्या रेघांचे फोटो काढलेस ना?”

“तक्रार नाही करायची.”

“म्हणजे? आई, तू परत दया दाखवायला लागलीस. बाबांनीच काहीतरी सांगितलं असणार तुला.”

“तो चोर नाही गं. त्याने मशीन उघडलं नाही, कारण उघडायचं काही नव्हतं.” तिने ओट्याची कड धरली. “तू रविवारी येणार होतीस ना?”

“हो, सकाळच्या गाडीने.”

“रविवारपर्यंत थांबू नकोस. आजच निघ. आणि आलीस की दवाखान्याचं नाव काढू नकोस त्यांच्यासमोर. नुसती बस जवळ.”

पलीकडे मुलीच्या कचेरीतले आवाज येत होते, कोणाचं तरी बोलणं, खुर्ची सरकल्याचा आवाज. मग दार लावल्यासारखं झालं आणि ते आवाज गेले.

“आई,” मुलगी हळू म्हणाली. “मशीन चांगलं आहे?”

“एकदम चांगलं आहे,” ती म्हणाली.